औषधाचा टंच राखणारा सैनिक : कर्नल एली लिली



आपले हुपरी हे चांदीचे गाव. येथे लहान मुलालाही टंच म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पैंजण कितीही नक्षीदार असो, घुंगरू कितीही नाजूक असोत, जाणता व्यापारी आधी टंच विचारतो आणि मग भाव बोलतो. वरची झळाळी वेगळी आणि आतील चांदी वेगळी, हे आपल्या गावातील आयाबहिणी घरबसल्या कड्या जोडताना शिकतात. टंच एकदा खोटा निघाला की त्या घराची पत गेली, आणि गेलेली पत आटणीच्या भट्टीत घालून पुन्हा तयार करता येत नाही.

पण वाचकहो, आपण औषधाच्या दुकानातून तापाची गोळी आणतो किंवा लेकरासाठी खोकल्याची बाटली आणतो, तेव्हा तिचा टंच आपण कधी विचारतो काय? विचारून आपल्याला कळणारही नाही. गोळी पांढरी दिसते, बाटलीवर चिठ्ठी असते, आणि आपण विश्वासाने ती तोंडात घालतो. चांदी कमअस्सल निघाली तर पैसा बुडतो. औषध कमअस्सल निघाले तर घरातले माणूस जाते. म्हणून औषधाचा टंच राखणारा मनुष्य सोन्याचांदीच्या पारख्यापेक्षाही मोठा मानला पाहिजे.

अशाच एका मनुष्याचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांसमोर ठेवीत आहे. त्याचे नाव एली लिली. तो अमेरिकेतील एका यादवी युद्धात लढलेला सैनिक होता. युद्धानंतर त्याचा संसार मोडला, शेती बुडाली, दिवाळे निघाले. तरीही वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्याने चार भिंतींत औषधशाळा काढली आणि शुद्ध औषध म्हणजे काय हे आपल्या देशाला दाखवून दिले. आज मधुमेह नसलेले घराणे शोधूनही सापडणे कठीण. त्या घराघरांतून इन्सुलिनचे नाव ऐकू येते. ते इन्सुलिन मोठ्या प्रमाणावर प्रथम ज्या कारखान्यातून बाहेर पडले, तो कारखाना याच सैनिकाने उभा केला होता.

बालपण व उमेदवारी

एली लिली यांचा जन्म ८ जुलै १८३८ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी झाला. आईवडिलांच्या अकरा मुलांत ते सर्वांत थोरले. कुटुंब धर्मशील होते आणि गुलामगिरीच्या विरोधी मताचे होते. पुढे हे कुटुंब केंटकी प्रांतात आणि तेथून १८५२ मध्ये इंडियाना प्रांतातील ग्रीनकॅसल या गावी येऊन राहिले.

सोळाव्या वर्षी एली लाफायेट या गावी आपल्या नातलगांकडे गेले. तेथे एका औषधाच्या दुकानाची पाटी त्यांच्या नजरेस पडली. दुकानाचे नाव होते गुड सॅमॅरिटन, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणारा भला माणूस. दुकानाचे मालक हेन्री लॉरेन्स हे इंग्लंडहून आलेले रसायनज्ञ होते. एली त्यांच्याकडे १८५४ मध्ये उमेदवारीला राहिले.

विद्यार्थी मित्रहो, उमेदवारी हा शब्द आपल्या गावात नवा नाही. आधी भट्टीजवळ बसायचे, मग हातात हत्यार घ्यायचे, आणि उस्तादाने हो म्हटल्यावरच माल बाजारात न्यायचा, ही आपलीही रीत. त्या काळी औषधे आजच्यासारखी तयार पाकिटांतून येत नसत. झाडाची साल, मुळे, क्षार आणून ती दुकानातच कुटावी लागत, खलावी लागत, वजन करून मिसळावी लागत. कोणता पदार्थ किती, हे चुकले तर औषधाचे विष होई. अशी चार वर्षे एली यांनी खलबत्त्यापाशी आणि तराजूपाशी काढली. १८५८ मध्ये उस्तादाने त्यांना लायकीचा दाखला दिला. पुढे इतरांच्या दुकानांत नोकरी करून अनुभव घेतला, १८६० मध्ये एमिली लेमेन यांच्याशी विवाह केला, आणि १८६१ च्या आरंभी ग्रीनकॅसल येथे स्वतःचे छोटे दुकान उघडले. वय अवघे बावीस वर्षांचे. सर्व काही सुरळीत चालले आहे असे वाटावे, इतक्यात देशात वणवा पेटला.

रणांगणावर

अमेरिकेच्या दक्षिणेकडील प्रांतांत कापसाच्या मळ्यांवर लाखो काळ्या माणसांना गुलाम म्हणून राबविले जात होते. गुलामगिरीच्या या प्रश्नावरून दक्षिणेकडील प्रांत देशातून फुटून निघाले आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. ते १८६५ पर्यंत चालले. सहा लाखांहून अधिक माणसे त्यात मेली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या युद्धात जेवढे सैनिक गोळीने मेले, त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त सैनिक रोगाने मेले. हगवण, विषमज्वर आणि हिवताप यांनी छावण्याच्या छावण्या रिकाम्या केल्या.

लिली यांनी तराजू बाजूला ठेवला आणि ते उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. १८६१ च्या नोव्हेंबरात पुत्र जोसाया याचा जन्म झाला तेव्हा ते सैन्यातच होते. १८६२ मध्ये त्यांनी स्वतः माणसे जमवून तोफखान्याची एक तुकडी उभी केली. दीडशेच्या आसपास माणसे आणि सहा तोफा. चोवीस वर्षांचा औषधविक्रेता त्या तुकडीचा कप्तान झाला. १८६३ च्या उन्हाळ्यात व पुढे चिकामॉगा येथील घनघोर लढाईत ही तुकडी लढली.

त्याच वर्षीचा एक प्रसंग सांगतो. २१ ऑगस्ट १८६३ रोजी लिली यांच्या तोफांनी नदीपलीकडून चॅटनूगा शहरावर मारा केला. तो दिवस दक्षिणेच्या अध्यक्षांनी उपवास व प्रार्थनेसाठी नेमून दिलेला होता आणि गावातील पुष्कळ लोक त्या वेळी प्रार्थनागृहांत होते. युद्धशास्त्राच्या दृष्टीने तो डाव यशस्वी ठरला, परंतु तोफेचा गोळा प्रार्थनेला बसलेला कोण आणि बंदूक घेतलेला कोण, हे पाहत नाही. चरित्र लिहिताना नायकाची फक्त उजळ बाजू दाखवावी असा मोह होतो, म्हणून हेही येथे नमूद केले पाहिजे. न्याय्य कारणासाठी लढलेले युद्धसुद्धा युद्धच असते.

पुढे लिली घोडदळात मेजर झाले. १८६४ च्या सप्टेंबरात अलाबामा प्रांतात एका रेल्वेपुलाचे रक्षण करीत असता शत्रूने त्यांना वेढले. वरिष्ठ अधिकारी मारला गेल्यावर सूत्रे लिली यांच्याकडे आली आणि शरण जाण्यावाचून मार्ग उरला नाही. काही महिने त्यांनी शत्रूच्या कैदेत काढले. कैद्यांच्या अदलाबदलीत १८६५ च्या जानेवारीत ते सुटले. युद्ध संपले तेव्हा ते कर्नल होते, आणि जन्मभर लोक त्यांना कर्नल लिली म्हणूनच ओळखू लागले.

सर्वस्व गमावले

आपल्या जिल्ह्यात सैनिकांची परंपरा मोठी आहे. शिरोळ तालुक्यातील एका गावाला तर सैनिक टाकळी असेच नाव पडले आहे. सैन्यातून परत आलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न कोणता उभा राहतो, हे त्या घरांना विचारावे. गणवेश उतरला, आता पुढे काय? लिली यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. हातात औषधाची विद्या असताना त्यांनी वेगळी वाट धरली. दक्षिणेत मिसिसिपी प्रांतात कापसाची मोठी जमीन खंडाने घेऊन ते पत्नी व मुलासह तेथे राहावयास गेले.

हा निर्णय फार महागात पडला. तो दलदलीचा, डासांचा, हिवतापाचा मुलूख होता. १८६६ च्या ऑगस्टमध्ये पत्नी एमिली तापाने गेल्या. त्या गरोदर होत्या, बाळही मृतच जन्मले. पुढे पाऊस दगा देऊन गेला, कापूस बुडाला, आणि १८६८ मध्ये लिली यांनी दिवाळे जाहीर केले. जोसाया पाच-सहा वर्षांचे पोर, ते ग्रीनकॅसलला आजीआजोबांकडे वाढू लागले.

वाचकहो, क्षणभर थांबून या माणसाकडे पाहा. वय तिशीचे. पत्नी नाही, घर नाही, पैसा नाही, बाजारात पत नाही, मूल दुसऱ्याच्या दारी. छातीवर कर्नलपद आहे, पण त्याने चूल पेटत नाही. आपल्यापैकी किती जण अशा वेळी नशिबाला दोष देऊन बसले असते! दहावीच्या परीक्षेत एका विषयात अनुत्तीर्ण झालेला मुलगा आता सर्व संपले असे म्हणत माझ्यासमोर उभा राहतो, तेव्हा मला तिसाव्या वर्षीचा हा लिली आठवतो.

लिली आपल्या मूळ विद्येकडे परतले. सोळाव्या वर्षी लॉरेन्स यांच्या दुकानात जे शिकले होते ते कोणत्याही सावकाराला जप्त करता आले नव्हते. जमीन जाते, दुकान जाते, विद्या मागे राहते. ते इंडियानापोलिस शहरात एका घाऊक औषध व्यापाऱ्याकडे नोकरीस राहिले. कर्नल असूनही दुसऱ्याच्या हाताखाली काम करण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. १८६९ मध्ये शेजारच्या इलिनॉय प्रांतात पॅरिस नावाच्या गावी भागीदारीत दुकान चालविले. त्याच वर्षी मारिया स्लोन यांच्याशी दुसरा विवाह झाला आणि १८७१ मध्ये एलिनॉर ही कन्या झाली. १८७४ मध्ये इंडियानापोलिसला परत येऊन जॉन्स्टन नावाच्या गृहस्थांबरोबर औषध तयार करण्याचा धंदा काढला. तीही भागीदारी दोन वर्षांतच मोडली.

१० मे १८७६

भागीदारी मोडल्यावर लिली यांच्या वाट्याला आले ते सुमारे चारशे डॉलरचे सामान आणि हजार डॉलर रोख, एवढेच. शहरातील एका जुन्या स्नेही औषध व्यापाऱ्याने धीर दिला. आपण तुमचा माल घेऊ असे आश्वासन दिले. त्या बळावर १० मे १८७६ रोजी पर्ल स्ट्रीट या गल्लीतील एका लहान दोन मजली इमारतीत कर्नल लिली यांनी स्वतःच्या नावाची पाटी लावली. भांडवल एकूण चौदाशे डॉलर. नोकर तीन, आणि त्यांतील एक त्यांचाच चौदा वर्षांचा मुलगा जोसाया!

पहिल्या औषधांत प्रमुख होते क्विनाईन, आपल्या आजीआजोबांच्या तोंडी असलेले कोयनेल. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना झाडाच्या सालीपासून ते काढतात. १८२० मध्ये पेलेतिए व काव्हांतू या दोन फ्रेंच औषधनिर्मात्यांनी ते सालीतून वेगळे काढले. हिवतापावर त्या काळी दुसरा खात्रीचा इलाज नव्हता. हिवताप डासामुळे होतो हे तर अजून कोणालाच ठाऊक नव्हते. ते आपल्या देशात, सिकंदराबाद येथे, १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी दाखवून दिले. आपल्याकडेही एके काळी कोयनेलच्या पुड्या टपाल कचेरीत मिळत असत. ज्याच्या घरचे माणूस दहा वर्षांपूर्वी त्या दलदलीच्या मुलखात तापाने गेले होते, तो आता तापाचे औषध तोलून पुड्या बांधीत होता.

आता त्या काळचा औषधबाजार कसा होता ते पाहू. कोणीही उठावे, बाटलीत रंगीत पाणी भरावे, त्यात मद्य किंवा अफू घालावी आणि सर्व रोगांवर रामबाण अशी जाहिरात करावी. बाटलीत काय आहे ते सांगण्याचे बंधन नव्हते. अफू असल्यामुळे रोग्याला घटकाभर बरे वाटे, आई रडणाऱ्या मुलाला तेच पाजी, आणि मूल शांत होई, कधीकधी कायमचे. क्विनाईनसारख्या महाग औषधात स्वस्त भुकटी मिसळणे हे तर सर्रास चाले.

लिली यांनी ठरविले की आपल्या कारखान्यातील औषध डॉक्टरांच्या शिफारशीने दिले जाईल असे असावे, गाडीवर ढोल वाजवून विकण्याचे नव्हे. प्रत्येक औषधात जे असावयास हवे ते आणि तेवढेच असावे. प्रत्येक घाण्यात तोच दर्जा निघावा, आज एक व उद्या दुसरा असे होऊ नये. आपल्या गावच्या भाषेत सांगावयाचे तर त्यांनी औषधाला टंच लावला. कडू गोळी रोग्याला गिळवत नाही हे ओळखून त्यांनी गोळ्यांवर जिलेटिनचे पातळ आवरण चढविण्याची पद्धत स्वीकारली. तेव्हापासून त्यांचा माल डॉक्टरांच्या पसंतीस उतरू लागला.

पहिल्या वर्षाअखेर विक्री झाली ४,४७० डॉलरची. तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, ती सुमारे ४८,००० डॉलरवर गेली. १८८१ मध्ये कंपनी रीतसर नोंदली गेली. जोसाया यांना कर्नलने गल्ल्यावर बसवून ठेवले नाही, तर फिलाडेल्फियाच्या औषधशास्त्र महाविद्यालयात पाठविले. पदवी घेऊन १८८२ मध्ये ते परतले आणि प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्यावर आली. बाप उमेदवारी करून शिकला, मुलगा महाविद्यालयात शिकला. पालकहो, या एका निर्णयात पुढील शंभर वर्षांची बीजे होती. धंदा चालू आहे, मुलगा हाताशी आला आहे, मग आणखी शिकून काय करायचे आहे, असा विचार कर्नलने केला असता तर ती औषधशाळा गल्लीतच राहिली असती.

१८८६ मध्ये लिली यांनी अर्न्स्ट एबरहार्ट या तरुण रसायन पदवीधराला पूर्ण वेळ नोकरीस ठेवले. त्याचे काम माल विकणे नव्हे, तर माल तपासणे व संशोधन करणे. माल तयार करणारा आपलाच माल तपासण्यासाठी पगारी माणूस ठेवतो, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. व्यापारी म्हणाले असतील की हा खर्च उगाच. पण ज्याला स्वतःच्या मालाची तपासणी नकोशी वाटते, त्याच्या मालात काय असते हे हुपरीकरांना सांगायला नको.

येथेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या काळच्या ज्ञानाच्या मर्यादा लिली यांच्याही औषधांना होत्या. वनस्पतींपासून केलेले रक्तशुद्धीचे एक औषध त्यांनी १८८३ मध्ये काढले. उपदंशापासून संधिवातापर्यंत त्याचा वापर होई आणि त्याने कंपनीला मोठा पैसा मिळवून दिला. आजच्या शास्त्राच्या कसोटीवर ते टिकणारे नव्हते. शुद्ध असणे वेगळे आणि गुणकारी असणे वेगळे, हे शास्त्राला पुढे सावकाश कळत गेले. परंतु तपासणीची सवय ज्याने लावली, त्यानेच पुढील सुधारणेचा दरवाजा उघडा ठेवला, हे विसरून चालणार नाही.

कन्येचे दुःख आणि लोकसेवा

दैव अजून परीक्षा पाहत होते. १८८४ मध्ये कन्या एलिनॉर घटसर्पाने गेली. वय तेरा वर्षांचे. आपल्या शाळेत सातवी-आठवीत बसणाऱ्या मुलीच्या वयाची. ज्याच्या कारखान्यातून देशभर औषधे जात होती, त्याच्या घरी स्वतःच्या मुलीला वाचविणारे औषध नव्हते, कारण ते तेव्हा जगात कोठेच नव्हते. घटसर्पावरील प्रतिविषाचा शोध पुढे १८९० नंतर उपयोगात आला. आज आपल्या आरोग्य केंद्रात लहान बाळाला जी लस विनामूल्य टोचली जाते, तिच्यामुळे हा रोग आपल्या आयांच्या विस्मरणात गेला आहे. लस टोचून घेण्याचा कंटाळा करणाऱ्या पालकांनी कर्नल लिली यांचे हे दुःख एकदा आठवावे.

पुढे लिली यांच्या साहाय्याने इंडियानापोलिस येथे मुलांसाठी एक रुग्णालय निघाले. त्याला एलिनॉरचे नाव देण्यात आले. १८९० च्या सुमारास त्यांनी रोजचा कारभार जोसाया यांच्या हाती सोपविला आणि स्वतः नगराच्या कामात लक्ष घातले. नगराच्या उन्नतीसाठी स्थापन झालेल्या कमर्शियल क्लबचे ते पहिले अध्यक्ष झाले. १८९३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली, हजारो लोक बेकार झाले, त्या वेळी गरजूंना अन्न व काम मिळावे म्हणून त्यांनी मदतकार्य उभारले. जुन्या सैनिक बांधवांच्या मेळाव्यासाठीही ते झटले. ६ जून १८९८ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

मागे राहिलेले काम

लिली गेले त्यानंतर जोसाया यांनी कंपनी वाढविली. १९२१-२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड व कॉलिप या संशोधकांनी इन्सुलिन शोधून रोग्यांवर वापरून दाखविले. त्यापूर्वी लहान वयात मधुमेह झालेले मूल म्हणजे काही महिन्यांचे किंवा फार तर थोड्या वर्षांचे सोबती. पण प्रयोगशाळेत निघणारे इन्सुलिन थेंबाथेंबाने निघे, आणि त्याची ताकद रोज वेगळी असे. ते मोठ्या प्रमाणावर, आणि प्रत्येक बाटलीत सारख्याच ताकदीचे, तयार करण्याचे काम लिली यांच्या कंपनीकडे आले. १९२३ मध्ये ते बाजारात आले. सारखा दर्जा राखण्याची जी शिस्त कर्नलने कोयनेलच्या पुड्या बांधताना लावली होती, तीच येथे कामास आली. इन्सुलिन थोडे कमी पडले तर साखर चढते, थोडे जास्त झाले तर रोगी बेशुद्ध पडतो. येथे टंच म्हणजे प्राणच.

आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडेही भेसळीच्या औषधांचा सुळसुळाट झाला तेव्हा सरकारने १९३० मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालानंतर १९४० चा औषध कायदा व १९४८ चा फार्मसी कायदा आला. तथापि कायदा कागदावर असून भागत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये विषारी रसायनाची भेसळ निघाली आणि चौदा रोगी प्राणास मुकले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने त्यातील हलगर्जीपणा उघड केला. कोणीतरी तपासावयास हवे होते, त्याने तपासले नाही, एवढीच त्या चौदा मृत्यूंची हकिकत आहे.

आणखी एक योग सांगण्यासारखा आहे. ज्या वर्षी लिली वारले, त्याच १८९८ मध्ये अलीगढ येथे ख्वाजा अब्दुल हमीद यांचा जन्म झाला. असहकाराच्या चळवळीत ते सामील झाले, जामिया मिलिया इस्लामियाच्या उभारणीत त्यांचा हात होता, पुढे जर्मनीत बर्लिन येथे रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविली आणि १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला ही औषध कंपनी स्थापन केली. १९३९ मध्ये महात्मा गांधींनी या कारखान्याला भेट दिली होती. १९७२ मध्ये हमीदसाहेबांचे निधन झाले. त्यांचे पुत्र युसुफ हमीद यांनी २००१ मध्ये एड्सवरील औषधे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी खर्चात देऊ केली आणि आफ्रिकेतील गोरगरिबांना जगण्याची आशा दिली. तेव्हा हे क्षेत्र परक्यांचे, आपल्याला काय जमणार, असे कोणीही म्हणू नये.

आपण काय घ्यावे

विद्यार्थी मित्रहो, बारावीला शास्त्र शाखा घेऊन दोन वर्षांची फार्मसी पदविका किंवा चार वर्षांची पदवी घेता येते. डॉक्टर होता आले नाही म्हणून रडत बसणाऱ्या मुलामुलींनी या वाटेकडे कमी प्रतीची वाट म्हणून पाहू नये. डॉक्टर चिठ्ठी लिहितो. त्या चिठ्ठीतील औषध खरे आहे काय, मुदत संपलेली नाही ना, मात्रा बरोबर आहे ना, हे पाहणारा शेवटचा माणूस फार्मासिस्ट असतो. त्याच्यानंतर थेट रोग्याचे तोंड. आणि हेही लक्षात ठेवा की नुसता परवाना भिंतीवर टांगून दुसऱ्याला दुकानात बसविणे म्हणजे खोट्या टंचावर आपला शिक्का मारणे होय.

पालकहो, मुलगी शास्त्र विषयात हुशार असेल तर तिला बारावीनंतर थांबवू नका. खलबत्ता आणि तराजू काटेकोरपणे वापरण्याचे शिक्षण तिला स्वयंपाकघरात तुम्हीच दिले आहे. ते प्रयोगशाळेपर्यंत जाऊ द्या.

कर्नल लिली यांनी आयुष्यात पत्नी गमावली, लेक गमावली, शेती गमावली, दोन भागीदाऱ्या गमावल्या. सोळाव्या वर्षी उमेदवारीत मिळविलेली विद्या आणि मालातला खरेपणा या दोनच गोष्टी त्यांनी हातच्या सोडल्या नाहीत. त्या दोहोंच्या बळावर अडतिसाव्या वर्षी नवी पाटी लागली.

पुढच्या वेळी औषधाची गोळी हातावर घ्याल तेव्हा तिच्याकडे क्षणभर पाहा. तिचा टंच राखण्यासाठी कोठेतरी कोणीतरी जागा आहे, या विश्वासावर आपण ती गिळतो. तो जागा राहणारा माणूस उद्या आपल्या शाळेतून, आपल्या हुपरीतून निघावा, हीच या लेखामागील सदिच्छा.